चाहत्यानं झोडपलं, तर त्याला काय म्हणायचं?

शहापूर, बेळगाव : आमचा धाकटा ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका लहानपणापासून बघतो. आता तिच्या एकेका भागावर मराठीत लिहायला लागलाय, आणि लिहितो ते सगळं कडक. विनोद शिळा, माणसं बिघडवली, शेवट उरकला. मथळा त्यानं ‘परीक्षण’ असा दिलाय, तो मला पटेना. परीक्षण करणारा तिऱ्हाईत असतो, गुण देतो आणि उठतो. ह्यानं नावडलेला भाग तीनदा बघितला आणि जेवताना ताटावरही त्याच्यावरच चिडून बोलत होता. जीव लावलेल्या गोष्टीला असं झोडपायला आपल्याकडं नेमका शब्द कोणता?

निपाणी : अक्का, आधी कुठले शब्द नकोत ते सांगतो. ‘ताशेरे’ नको. ताशेरे कोर्ट ओढतं, वरिष्ठ ओढतात. त्याला अधिकार लागतो आणि प्रेक्षकाच्या हातात तो नसतो. ‘खरडपट्टी’सुद्धा वरून खालीच येते. ‘वाभाडे’ जवळचा वाटेल, पण वाभाडा म्हणजे कापडाला गेलेली मोठी फाट. वाभाडे काढणाऱ्याला समोरच्याची अब्रू चारचौघांत फाडायची असते, ते कापड पुन्हा कुणी नेसावं अशी त्याची इच्छा नसते. तुमच्या मुलाला तर पुढचा भाग बघायचाच आहे की! ‘निंदा’ पाठीमागं होते, म्हणून तोही बाद. मी ‘समीक्षा’ म्हणेन. सम् आणि ईक्षा, नीट सगळ्या बाजूंनी बघणं.

खानापूर : समीक्षेत राग बसत नाही हो. आणि इथं तर रागच मुख्य आहे.

ह्या मालिकेचीच गोष्ट बघा. 17 डिसेंबर 1989 ला ती सुरू झाली. नव्वदच्या दशकात तिचे चाहते भाग संपतो न संपतो तोच त्याची चिरफाड लिहायचे. ते लेखकांना इतकं झोंबलं की 9 फेब्रुवारी 1997 च्या भागात त्यांनी चाहत्यांचीच भाषा कॉमिक्सच्या दुकानदाराच्या तोंडी घातली. तो म्हणतो, आजवरचा सर्वांत वाईट भाग! मालिकेतला पोरगा बार्ट त्याला विचारतो की कार्टून बनवणाऱ्यांनी तुला हजारो तास फुकट हसवलं, मग ते तुझं काय देणं लागतात? उलट तूच त्यांचं देणं लागतोस. ह्यावर दुकानदाराचं उत्तर पुन्हा तेच, सर्वांत वाईट भाग.

‘आजवरचा सर्वांत वाईट’ हे मराठी मात्र कोरडं आहे. आमच्या गावाकडं माणूस म्हणेल, ‘असला भाग जल्मात बघितला नव्हता बघ!’ ह्या ‘जल्मात’वर माझा जीव आहे. ह्यात माप बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्याचं आहे. तो भाग मालिकेचा 167 वा होता, म्हणजे आधीचे 166 बघितलेल्या माणसालाच ‘जल्मात’ म्हणायचा हक्क.

चिकोडी : शब्द आपल्या घरातच आहे : ‘टीका’. आपण त्याचा अर्थ अर्धाच ठेवलाय. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘टीका केली ज्ञानेश्वरें’ असं येतं. तिथं दोष काढल्याची छटासुद्धा नाही. मूळ ग्रंथाशेजारी बसून, एकेक शब्द धरून उलगडत जाणं म्हणजे टीका. आज ‘सरकारवर टीका केली’ म्हटलं की फक्त बोल लावणं उरतं. फरक क्रियापदातून दाखवायची सोय आहे, टीका ‘लिहिली’ की टीका ‘केली’. पण त्या ओवीत ‘केली’च आहे, म्हणून ही भिंत अलीकडची म्हणायची.

शेजारच्या कन्नडमध्येही ‘टीके’ म्हणजे दोष दाखवणं. वाङ्मयाची समीक्षा म्हणायची तर ते ‘विमर्शे’ म्हणतात. पण मध्वाचार्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिणाऱ्या जयतीर्थांना ‘टीकाचार्य’ हा मानाचा किताब आहे. परंपरा त्यांना मंगळवेढ्याचे मानते, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्यावर हक्क सांगता येतो.

चाहता दोन्ही अर्थांनी टीका करतो. 28 सप्टेंबर 1997 च्या भागात मुख्याध्यापक स्किनर तोतया निघाले, तेव्हा चाहते का भडकले? आठ वर्षं ते त्या माणसाचं बोलणं, त्याची आई, त्याचा लष्करी भूतकाळ, सगळं शब्द लावून वाचत आले होते. स्किनरला आवाज देणारे हॅरी शिअरर ह्यांनीही तो भाग चुकल्याचं नंतर उघड सांगितलं. ज्याला मूळ पाठ आहे त्यालाच खाडाखोड टोचते.

निपाणी : ‘टीका’ मान्य. माझी ‘समीक्षा’ मागं घेतो. फक्त वाचणाऱ्याला आजचाच अर्थ लागेल, त्याचं काय?

चिकोडी : लागू दे की. तोही खोटा नाही. दुसरा अर्थ मजकुरातून कळेल. नाही कळला तर लिखाण कमी पडलं असं समजावं.

शहापूर, बेळगाव : सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला चर्चा वाचून दाखवली. ‘परीक्षण’ खोडून त्यानं ‘टीका’ लिहिलं आणि पहिल्याच ओळीत ‘जल्मात’ घातलं. मी ‘जन्मात’ करायला सांगितलं तर म्हणाला, तसं लिहिलं की राग जातो. आता तो स्किनरच्या भागावर लिहायला बसलाय. चार पानं झालीत, अजून तोतया दारात आलेला नाही.