मदत हवी आहे: मावशी बरी आहे, पण मुलाच्या सहीवाचून अडलंय. रिव्ह्यू बोर्डाचा कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

माझी सख्खी मावशी, वय ५८, २०१२ पासून सरकारी मनोरुग्णालयात आहे (कुठल्या ते लिहीत नाही). काकांनी कोर्टाची ऑर्डर आणून दाखल केलं होतं. काका चार वर्षांपूर्वी गेले. मावसभाऊ दिवाळीलाही फिरकत नाही. मी दोन महिन्यांतून एकदा एसटीने जाऊन येते. मावशी गोळ्या आपणहून घेते, शिवणविभागात गोधड्या शिवते आणि मला पाहिलं की आधी विचारते, "आईचे गुडघे कसे आहेत गं?"

मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही. मी सही करते म्हटलं, तर ऑफिसमधून उत्तर आलं, "भाचीची चालत नाही, मुलाची आणा." मुलगा म्हणतो, सोसायटीत काय सांगू, आहे तिथे बरी आहे. निघताना तिथल्या एका ताईंनी हळूच सांगितलं, रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करा. हे बोर्ड म्हणजे कोण? भाचीचा अर्ज घेतात का? वकील लावावा लागतो का? आणि मावसभावाला कोर्टात खेचल्यासारखं होईल का? आईला तीच भीती जास्त आहे.

– अबोली

निवृत्त_ओटी:
अबोली, मी अशाच एका रुग्णालयात व्यवसायोपचार विभागात २६ वर्षं काढली. ती "हळूच सांगणारी ताई" प्रत्येक वॉर्डात एक असते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २०१८ मध्ये लागू झाला आणि १९८७ चा जुना कायदा गेला. जुन्यात अभ्यागत समिती असायची. वर्षातून काही वेळा फेरी, चहा, वहीत शेरा. नव्या कायद्यातलं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ, म्हणजेच तुझं रिव्ह्यू बोर्ड, वेगळं आहे, ते निर्णय देतं. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर. आणि दोन जागा स्वतः आजारातून गेलेल्यांना, त्यांची काळजी घेणाऱ्यांना किंवा त्यांच्या संस्थांना. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल या दोन जागांचा आहे. पूर्वी पेशंटबद्दल सगळे बोलायचे, पेशंटच्या बाजूचं टेबलावर कुणी नसायचं.

दगडी_पाटी:
कागदावर सगळं छान आहे हो. आमच्याकडे बोर्ड नेमायलाच वर्षं गेली, आणि नेमल्यावर बसायला खोली नाही. ही बोर्डं नेमणाऱ्या राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या कारभारावरून मुंबई उच्च न्यायालयाला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टींच्या जनहित याचिकेत सरकारला फैलावर घ्यावं लागलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. तीही ठाण्याच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या एका बाईंवरूनच. ताईंनी अर्ज जरूर करावा, पण पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

काळा_डगला:
वकील आहे, म्हणून थोडं तपशिलात.

सगळे "कुणाची सही चालेल" यावर अडले आहेत. मुलाची की भाचीची? या कायद्यात पहिली सही मावशींची स्वतःची. कलम १४ प्रमाणे त्या साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून कुणालाही आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती, नेमू शकतात. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. तुम्ही "मला मान्य आहे" असं लिहून द्यायचं. मग कलम ७७ खाली बोर्डाकडे अर्ज मावशी करू शकतात किंवा तुम्ही. फी नाही. असा अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा असतो. पटलं नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील.

वकील सक्तीचा नाही. हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना उत्पन्न न बघता मोफत मिळतो.

कोर्टात खेचण्याबद्दल: सुनावणी बंद दाराआड होते. अर्ज मुलाविरुद्ध नसतोच, रुग्णालयाच्या निर्णयाविरुद्ध असतो. मावशींच्या मनाविरुद्ध ३० दिवसांपलीकडे ठेवायचं तर बोर्डाची मंजुरी लागते, तीही आधी ९० दिवस, मग १२०, मग १८० अशा मुदतीची. तेव्हा अर्जात एकच विचारा: मावशींना आज कुठल्या कलमाखाली ठेवलंय? २०१२ ची ऑर्डर दाखवून २०१७ च्या कायद्याचं उत्तर होत नाही.

माईण_मुळा:
थोडं कडू बोलते. माझा दीर असाच घरी आणला होता, आठ महिन्यांत गोळ्या सुटल्या. मावसभावाला खलनायक करू नका, त्याने लहानपणी काय पाहिलंय ते त्यालाच ठाऊक. अबोली, तू दिवसा नोकरीला गेलीस की मावशीजवळ कोण?

निवृत्त_ओटी:
माई, प्रश्न रास्त आहे. पण "घरी कोणी नाही" एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवायचं नाही, असं कलम १९ स्पष्ट सांगतं. घर नसेल तर हाफवे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवारा, ही सरकारची जबाबदारी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रालाच सुनावलं होतं की बरे झालेले लोक भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं थांबवा. म्हणजे काय चाललं होतं ते समजून घ्या.

अबोली, डिस्चार्जआधी डॉक्टरांनी मावशी आणि ज्यांच्याकडे त्या राहणार त्यांच्याशी बसून पुढच्या उपचारांचं ठरवायचं असतं. ते लेखी मागून घे. गोळ्या जिल्हा रुग्णालयातून मिळतील का, तेही त्यात येऊ दे.

अबोली:
सगळ्यांचे आभार. माई, तुमचं लागलं, पण बरोबर आहे. दिवसा आई असते, आणि मी सकाळची पाळी मागून घेतली आहे.

काल जाऊन आले. कागद पुढे ठेवला. मावशीने चष्मा मागून घेतला, दोनदा वाचला, "प्रतिनिधी" शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे तू माझ्या वतीने बोलणार, माझ्याऐवजी नाही ना?" मग सही केली. आणि सासरचं आडनाव खोडून माहेरचं लिहिलं. समजावलं तर नवा कागद घ्यायला तयार नाही. रुग्णालयाच्या नोंदीत सासरचं आहे. अर्ज परत येईल का?

काळा_डगला:
येणार नाही. खाली "उर्फ" करून नोंदीतलं नाव आणि केस पेपरचा नंबर लिहा. खाडाखोडीशेजारी त्यांची छोटी सही घ्या. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच.