इमिग्रंट व्हिसाचा इंटरव्ह्यू : तुमच्या घरचे अनुभव

शेवंती :
काल कपाट आवरताना आईची व्हिसाची फाईल सापडली आणि आवरणं तिथंच राहिलं. २०१४ साल. दादाने आई-बाबांचं ग्रीन कार्डाचं केलं होतं. आईच्या जन्मदाखल्यावर नावच नाही, नुसतं 'मुलगी'. त्यात माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. शेवटी मामा आणि थोरल्या मावशीने स्टँपपेपरवर लिहून दिलं की ही आमचीच बहीण.

बीकेसीला, म्हणजे वांद्र्याच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये, खिडकीपाशी उजवा हात वर करून शपथ झाली. लग्न कधी झालं विचारल्यावर बाबा अडखळले, तर आई म्हणाली, "वसंतपंचमीला, गोरज मुहूर्तावर." दुभाषी बाईंनी ते साहेबाला समजावून सांगितलं म्हणे. पासपोर्ट ठेवून घेतले, म्हणजे काम झालं. मी बाहेर मोबाईल आणि पिशव्या सांभाळत उभी. आई आली ती माझा हात धरून रडायलाच लागली. "तू इथं एकटी पडशील गं."

तुमच्याकडे काय झालं?

मिरजेची सून :
नावाचं अगदी सेम!! आमच्या सासूबाईंचं मेडिकलला अडलं. तरुणपणी टीबी झालेला, एक्सरेत जुना डाग दिसला. तीन दिवस थुंकीचे नमुने, मग कल्चरचे, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायचे, आठ आठवडे. रोज विचारायच्या, मला परत झालाय का गं? नव्हता.

गिरगावकर :
बीकेसी २०११ पासून. आधी ब्रीच कँडीला होतं, लिंकन हाऊस, वांकानेरच्या महाराजांचा जुना महाल. भर पावसात फुटपाथवर रांग. आजोबा छत्री फाईलवर धरून स्वतः भिजत होते.

राधिका नगर :
आम्ही भावंडांच्या कॅटेगरीत. ताईने २००१ ला अर्ज टाकला, नंबर लागला २०१४ ला. तोवर लेक एकविसाच्या पुढे गेली, म्हणजे आमच्या अर्जात तिला येता येईना. अर्ज मंजुरीत गेलेला काळ नियमाने वयातून वजा करूनही बसेना. तिला ठेवून कसं जायचं? नाही गेलो. ताई त्या विषयावर अजून गप्प होते.

शेवंती :
राधिका, पोटात कालवलं गं. लेक कुठे असते?

राधिका नगर :
इथेच, दोन गल्ल्या सोडून. नात माझ्याकडेच असते दिवसभर. उठली बघ, आले.

पहिलीच वेळ :
पुढच्या मंगळवारी आईबाबांचा आहे, बेळगावहून येतोय. सकाळी लवकरची वेळ मिळालीय. फार टेन्शन आलंय.

मिरजेची सून :
पीसीसी (पोलिसांचा दाखला), लग्नाचा दाखला, सगळे ओरिजिनल वर ठेवा. मोबाईल आत नेऊ नका.

गिरगावकर :
आदल्या दिवशी या आणि आमच्याकडेच उतरा. आईंना जिने चालतात ना? तिसरा मजला आहे.