मदत हवी आहे: कोलोनमध्ये साडेतीन दिवस (चित्रं, खाणं, रात्रीचं फिरणं)

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी दुपारी जर्मनीतल्या कोलोनला पोचतोय, रविवारी संध्याकाळी निघायचं आहे. आम्ही दोघं पुण्याहून फ्रँकफर्ट विमानतळावर उतरणार, पुढे रेल्वेने. मला चित्रांची ओढ आहे, त्यातही विसाव्या शतकातल्या. नवऱ्याला बिअर आणि संगीत. मी शाकाहारी (अंडं चालतं), तो सगळं खातो पण गोमांस नाही. हॉटेल कुठे घ्यावं? डोमशिवाय (तिथलं मोठं कॅथेड्रल) कुठल्या संग्रहालयांना वेळ द्यावा? ब्राउहाउसमध्ये (बिअर आणि जेवण मिळणारी पारंपरिक खानावळ) माझ्यासारखीने काय मागवावं? आणि रात्री जुन्या शहराबाहेर कुठे जावं?

रुळांवरून:
आधी गाडीचं. फ्रँकफर्ट विमानतळावरून वेगवान मार्गाने तासभर लागतो, पण तिकिटावर उतरायचं स्टेशन नीट वाचा. बऱ्याच आयसीई (वेगवान गाड्या) मुख्य स्टेशनात न जाता ऱ्हाइन नदीपलीकडच्या 'कोल्न मेसे/डॉइट्स'ला थांबतात. लोक मुख्य स्टेशन येईल म्हणून बसून राहतात आणि गाडी त्यांना घेऊन पुढे निघून जाते. डॉइट्सहून मुख्य स्टेशन एस-बानने (लोकल गाडीने) एकच थांबा आहे. सामान हलकं असेल तर होहेन्झोलर्न पुलावरून चालत पंधरा मिनिटं.

येतानाचं तिकीट 'फ्लेक्सप्राइस' (एका गाडीला न बांधलेलं) घ्या. स्वस्तातलं 'श्पारप्राइस' एकाच गाडीला बांधलेलं असतं, आणि विमान उशिरा उतरलं तर रेल्वे ते मानत नाही. परतीला मात्र श्पारप्राइस चालेल, आणि तेव्हा जमलं तर कोब्लेन्झ-माइन्झवरून जाणारी गाडी निवडा. वेळ दुपटीच्या आसपास जातो, पण ऱ्हाइनची अरुंद दरी, द्राक्षांचे उतार आणि किल्ले दिसतात. डावीकडची खिडकी धरा, नदी त्या बाजूला असते. फक्त नोव्हेंबरात पाचला अंधार होतो, म्हणून संध्याकाळची गाडी सोडून दुपारची घ्या.

हॉटेल फ्रीझनप्लाट्झ किंवा रुडॉल्फप्लाट्झजवळ बघा. डोमपासून ५ नंबरच्या ट्रामने फ्रीझनप्लाट्झ दुसरा थांबा, आणि रात्रीची ठिकाणं पायी गाठता येतात. जत्रा-प्रदर्शनाच्या दिवसांत दर फार चढतात. 'आर्ट कोलोन' हे १९६७ पासून चालणारं कलाप्रदर्शन नोव्हेंबरातच असतं, तेव्हा त्याच्या तारखा पाहून मगच खोली ठरवा. खोलीच्या भाड्यावर शहराचा ५ टक्के कर वेगळा लागतो. ट्राममध्ये विनातिकीट सापडलात तर दंड ६० युरो. तुम्ही ११ तारखेच्या आत निघताय हे उत्तम. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा मोसम उघडतो आणि जुन्या शहरात, त्सुल्पिशर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

भिंतीवरची_चित्रं:
पहिला गुरुवार हे तुमचं नशीब. म्युझियम लुडविग एरवी सहाला बंद होतं, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. डोमला लागूनच आहे. तीन तास तरी द्या, आणि दमला असलात तरी सुरुवात हाउब्रिश संग्रहापासून करा. योझेफ हाउब्रिश या वकिलाने नाझी काळात 'अधोगतीला गेलेली' ठरवलेली अभिव्यक्तिवादी चित्रं जपली आणि १९४६ मध्ये, शहर ढिगाऱ्यात असताना, शहराला देऊन टाकली. ती पाहून मग पिकासो आणि अमेरिकन पॉप आर्टकडे गेलात की युद्धानंतर या शहराला नव्या कलेची एवढी भूक का होती ते कळतं. उलट क्रमाने गेलं की लिख्टेनस्टाइन-वॉरहॉलमध्येच डोळे थकतात आणि हाउब्रिशच्या खोल्या घाईत उरकल्या जातात.

संग्रहालयामागच्या हाइनरिश ब्योल चौकात पहारेकरी अडवतील तर वाद घालू नका. खाली फिलहार्मोनीचं सभागृह आहे, वरच्या पावलांचा आवाज खाली उतरतो, म्हणून मैफल चालू असताना चौक बंद ठेवतात.

डोममध्ये ऊन असेल त्या दिवशी अकरा ते एकच्या दरम्यान जा. दक्षिणेकडच्या बाजूला चित्रकार गेरहार्ड रिश्टरची २००७ ची खिडकी आहे: ७२ रंगांतले ११,२६३ काचेचे चौकोन, कुठलीही आकृती नाही. सूर्य समोर आला की रंगांचे तुकडे दगडी खांबांवर पडतात आणि सावकाश सरकत जातात. दहा मिनिटं एका जागी उभ्या राहिलात तर ते सरकणं दिसतं. प्रार्थनेच्या वेळी फिरू देत नाहीत, मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि चढणारे-उतरणारे एकाच अरुंद गोल जिन्यात. गुडघे दुखत असतील तर सोडा. त्याऐवजी डॉइट्सच्या कोल्नट्रँगलवर, १०३ मीटर उंचीवर लिफ्टने जा. तिथून डोमही दिसतो, जो डोमवरून दिसत नाही.

मुठाकाठ:
एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. शुक्रवारी कोलुंबा आणि वालराफ ही दोन्ही संग्रहालयं होतील का?

भिंतीवरची_चित्रं:
होतील. वालराफ-रिशार्ट्झ सकाळी दहाला. मध्ययुगीन चित्रकार श्टेफान लोखनरची 'गुलाबांच्या मांडवातली मरियम' बघाच, तळहाताहून थोडंच मोठं असावं असं वाटावं इतकं नाजूक काम आहे. दोन्ही ठिकाणांमध्ये दहाएक मिनिटांची चाल.

कोलुंबा बाराला उघडतं, पाचला मिटतं, मंगळवारी बंद. वास्तुकार पीटर झुमथोरने बाँबहल्ल्यात पडलेल्या चर्चच्या अवशेषांवरच राखाडी विटांची इमारत उभी केली आहे. तळमजल्यावर जुन्या अवशेषांवरून लाकडी वाट वळत जाते आणि विटांतल्या फटींतून उजेड गाळून येतो. चित्रांशेजारी नावाच्या पाट्या नाहीत. दारात पुस्तिका मिळते, ती घ्या. मध्ययुगीन मूर्ती आणि आजची कलाकृती शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून आधी नुसतं पाहा, मग पुस्तिका उघडा. डोमशेजारचं रोमन संग्रहालय २०१९ पासून दुरुस्तीला बंद झालं. निवडक वस्तू नॉयमार्कटजवळच्या बेल्जियन हाउसमध्ये ठेवल्या आहेत.

ताटवाटी:
ताई, तुमच्यासाठी 'हाल्वर हान'. शब्दशः अर्धा कोंबडा, पण कोंबडीचा संबंध नाही: राय (rye) या धान्याचा पाव, गौडा चीजचा जाड काप, मोहरीची चटणी, कांदा. 'रीफकोखे' म्हणजे बटाट्याच्या किसाची तळलेली धिरडी, सोबत सफरचंदाची गोडसर चटणी, अंडं असतं. 'हिमेल उन एड'मध्ये कुस्करलेला बटाटा आणि सफरचंद, वर 'फ्ल्योन्झ' हे डुकराच्या रक्ताचं सॉसेज. 'ओने फ्ल्योन्झ' म्हणून बिनसॉसेजचं मागा.

फसवणारे पदार्थ वेगळेच असतात. परतलेल्या बटाट्यांत बेकनचे बारीक तुकडे, मसुराच्या सूपमध्ये सॉसेज, लाल कोबीत चरबी. दर वेळी विचारा: 'इस्ट दा श्पेक द्रिन?' (यात बेकन आहे का?) यजमानांनी साउअरब्राटन टाळावं. ते पूर्वी घोड्याच्या मांसाचं करत, आता बहुतेक ठिकाणी गोमांसाचं असतं. 'हेमशे' म्हणजे डुकराच्या पायाचा उकडलेला मांसल तुकडा चालेल.

क्योल्श, म्हणजे इथली स्थानिक बिअर, २०० मिलिच्या सरळ, उंच ग्लासात येते. 'क्योबेस', म्हणजे निळ्या एप्रनमधला वेटर, ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारतो. थांबायचं असेल तर चकती ग्लासवर ठेवा. नुसतं 'नको' म्हटलेलं गर्दीत ऐकू जात नाही. चकती हरवू नका, तेच तुमचं बिल. फ्रीझन रस्त्यावरचं 'पेफगन' मला सर्वांत आवडतं, बिअर तिथेच गाळतात आणि पिंपातूनच देतात. रोख पैसे जवळ ठेवा.

एक दुपार ४ नंबरच्या ट्रामने कोइपश्ट्रासेला जा. तुर्की वस्ती आहे. मसुराचं सूप, ग्योझलेमे (चीज-पालक भरलेली पातळ पोळी) आणि बकलावा, शाकाहारी माणसाचं पोट तिथे खऱ्या अर्थाने भरतं.

निशाचर:
यजमानांसाठी. जॅझ असेल तर बेल्जियन भागातलं 'श्टाडगार्टन', कार्यक्रम आधी बघून तिकीट काढा. इलेक्ट्रॉनिकसाठी एरेनफेल्ड: मुख्य स्टेशनातून एस-बानने दुसरा थांबा, रेल्वेच्या कमानींखाली क्लब आहेत. बाराच्या आधी गेलात तर जागा रिकामी असते. मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही, काही ठिकाणी फक्त रोख. ब्रुसेलर चौकात उघड्यावर बसून पिण्यावर रहिवाशांच्या तक्रारींनंतर शहराने रात्रीची बंधनं घातली आहेत, तिथले फलक वाचा.

मुठाकाठ:
रविवारी सामान घेऊन कुठे कुठे फिरणार? हॉटेल अकराला सोडावं लागेल.

रुळांवरून:
मुख्य स्टेशनात स्वयंचलित सामानघर आहे. पैसे भरले की दार उघडतं, पेटी आत ठेवायची, यंत्र ती जमिनीखाली नेतं आणि हातात कार्ड देतं. कार्ड जपा, त्याशिवाय पेटी वर येत नाही. संध्याकाळी गर्दीत रांग लागते, म्हणून गाडीच्या निदान अर्धा तास आधी या. रविवारी शहरातली दुकानं बंद, पण स्टेशनातली उघडी असतात. प्रवासाचं खाणं आणि मोहरीची बाटली तिथूनच घ्या. गाडी डॉइट्सहून असेल तर सामान घेऊन पुलापलीकडे जायचे वीस मिनिटं वेगळे धरा.