विद्यार्थ्यांनी चालवलेला सामाजिक वैद्यकशास्त्राचा अंक: लेख तपासताना नेमकं काय विचारायचं?

थर्ड ईयर, नेरुळ

नमस्कार. मी नेरुळला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ठाणे-नवी मुंबईच्या वेगवेगळ्या कॉलेजांतले आम्ही काही जण सामाजिक वैद्यकशास्त्रावर (म्हणजे पीएसएमवर) सहामाही अंक काढतोय. लेख विद्यार्थ्यांचे, संपादनही विद्यार्थ्यांचंच. फॅमिली अडॉप्शनच्या (अभ्यासक्रमात आम्हाला दत्तक दिलेल्या कुटुंबांच्या) निमित्ताने वस्तीत जातो तेव्हा जे दिसतं, त्यातलं लॉगबुकात फारसं उतरत नाही. हिमोग्लोबिन, लसीकरण, सरांची सही, झालं. ते कुठेतरी नीट लिहिलं जावं असं फार वाटतं.

आता लेख येऊ लागलेत आणि मी अडलोय. एका मुलीने तुर्भ्याच्या खाणकामगारावर लिहिलंय. खोकला, दम, टीबीचा कोर्स एकदा पूर्ण, मग पुन्हा सुरू, थुंकीत जंतू नाहीत, शेवटी निदान सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने होणारा फुप्फुसाचा आजार. एक्स-रेचं वर्णन उत्तम आहे. पण हा लेख छातीरोगाच्या कुठल्याही अंकात खपेल. तो आमच्या अंकाचा व्हावा म्हणून तिला काय विचारू? नुसती वाक्यं सुधारून भागणार नाही, एवढं कळतंय.

शिवाय तिचे गाइड म्हणतात, पहिलं नाव त्यांचं हवं. आणि अशा लेखाला एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

पीएसएम, निवृत्त (ठाणे)

मी पहिल्या प्रश्नावरच लिहिते, कारण तुमचं खरं काम तेच आहे.

तिला वही घेऊन पुन्हा त्या माणसाकडे जाऊ दे. तो खाणीत नेमकं काय करायचा? सुरुंगासाठी भोकं पाडायचा, घणाने दगड फोडायचा, की क्रशरवर होता? ड्रिलिंग कोरडं चालायचं की पाणी सोडून? पाण्याने धूळ बसते. मग पाणी का नव्हतं, टँकरचे पैसे कुणी द्यायचे होते? हजेरी कुणाच्या वहीत लागायची, मुकादमाच्या की मालकाच्या? हा शेवटचा प्रश्न तिला किरकोळ वाटेल. पण नोकरीचा कागदच नसेल तर नुकसानभरपाई मागताना आपण तिथे कामाला होतो हेच सिद्ध होत नाही. सिलिकोसिस झाल्याचं सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. या माणसाचा आजार कुणी कळवला का? नसेल, तर साखळी कुठे तुटली? लेखाचा अर्धा भाग इथे आहे.

जुने केसपेपर मिळाले तर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय ते तिने पाहावं. बहुतेक ‘मजूर’ एवढंच असेल. कसली मजुरी, हे ओपीडीत विचारायला अर्धं मिनिट पुरतं. मात्र एक सांभाळा. फुप्फुसात सिलिका असेल तर टीबीचा धोका खरोखर वाढतो, दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात. ‘चुकीचं निदान केलं’ असं वाक्य तिने ठोकून दिलं असेल तर पुरावा मागा, नसेल तर वाक्य काढा. तिला राग आला असेल तर मला आनंदच आहे, पण रागाखाली तपासलेला तपशील हवा.

आणि शेवटच्या परिच्छेदात ‘गरिबी व अज्ञान’ आलं की खोडा. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांचं लेखन तपासलं, हे दोन शब्द आले की पुढचा विचार थांबलेला असतो. घरात धूळ येते का, बायकोही क्रशरवर जाते का, गाव कशामुळे सोडलं, हे लिहू दे. जेवढं तिने स्वतः ऐकलंय तेवढंच.

तुमच्या वयाबद्दल कुणी नाक मुरडलं तर रुडॉल्फ विर्चो या जर्मन डॉक्टरची आठवण द्या. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्याला अप्पर सिलेशियातल्या टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवलं, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. परत येऊन त्याने अहवालात मागितलं काय, तर शिक्षण, रस्ते, तिथल्या पोलिश लोकांना त्यांच्या भाषेत कारभार. त्याच वर्षी एका सहकाऱ्याबरोबर ‘वैद्यकीय सुधारणा’ नावाचं साप्ताहिकही काढलं. ते जेमतेम वर्षभर चाललं, तरी आज आपण त्याबद्दल बोलतोय. आपल्याकडे मेडिको फ्रेंड सर्कल हा आरोग्याच्या सामाजिक बाजूचा विचार करणाऱ्या डॉक्टर-कार्यकर्त्यांचा गट १९७४ मध्ये सुरू झाला आणि १९७६ पासून त्यांचं बुलेटिन निघू लागलं. त्याचे जुने अंक नेटवर आहेत. संपादक मंडळाने ते एकत्र बसून वाचावेत.

इंटर्न, कळवा

नावांचं मी सांगतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि मजकुराची जबाबदारी. चारही पूर्ण हव्यात. गाइडनी त्या केल्या असतील तर नाव हक्काने येईल. नुसतं पद असेल तर आभारात. क्रम लेखकांनी आपसात ठरवायचा, पण काम जिचं आणि लेखनही जिचं, तिचं नाव मागे ढकलू नका. हे नियम पहिल्या अंकाआधीच जाहीर करा आणि कुणी काय केलं ते प्रत्येक लेखाबरोबर लेखी घ्या. लेख आल्यावर नियम सांगितला की तो त्या सरांविरुद्ध काढल्यासारखा वाटतो.

एथिक्स: मुलाखती किंवा सर्व्हे असेल तर काम सुरू करण्याआधी परवानगी. नंतर मागून मिळत नाही. एकाच रुग्णाची केस असेल तर तिच्या कॉलेजच्या कमिटीला विचारून उत्तर लेखी घ्या. रुग्णाची छापण्यासाठीची संमती वेगळी लागते, उपचाराच्या वेळची सही चालत नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, दिल्लीहून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आरोग्य कार्यकर्ती, दिघा

मी डॉक्टर नाही, वस्तीत काम करते, म्हणून एक सांगते. नाव बदललं म्हणजे माणूस लपत नाही. तुर्भे, खाणकामगार, पन्नाशीचा, दोनदा टीबीची औषधं, मुलगा रिक्षावर: एवढ्यावर अख्खी गल्ली ओळखते. मुकादमही ओळखतो, आणि त्याच मुकादमाकडे घरातलं आणखी कुणी कामाला असेल तर त्याची रोजी जाते. छापण्याआधी लेख त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवा. जे नको म्हणतील ते काढा.

आणि पैशांचं विचारा. टीबीचा उपचार चालू असतो तोवर निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याला हजार रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ आधी पाचशे होते). टीबी नाही, सिलिकोसिस आहे असं ठरलं की ते थांबतात. कामही सुटलेलं असतं. बरोबर निदान झालं आणि घरात येणारे पैसे बंद झाले, असं घडलं असेल तर ते लेखात यायलाच हवं.

थर्ड ईयर, नेरुळ

मॅडम, ताई, दादा, खूप आभार. पैशांचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. लेखिका या रविवारी जातेय, मीही बरोबर जाईन. एकच शंका: खाणीचं नाव छापायचं का?

पीएसएम, निवृत्त (ठाणे)

नको. ताईंनी सांगितलं त्याच कारणासाठी. कामाची पद्धत लिहा, नाव नको. त्याऐवजी माहितीच्या अधिकारात दोन अर्ज टाका, एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दुसरा केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे: ठाणे जिल्ह्यातून गेल्या दहा वर्षांत सिलिकोसिसच्या किती केसेस कळवल्या गेल्या? साधारण तीस दिवसांत उत्तर यायला हवं. येईल ते लेखाखाली चौकटीत छापा. अर्जाचा मसुदा आधी मला दाखवा, प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं.