मदत हवी आहे: एफटीपीने पाठवलेल्या आजीच्या ओव्या तिकडे पोचल्यावर खरखरतायत

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळायचा नाही म्हणून लिहितेय.

माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या मामांनी १९८६ साली टेप करून ठेवलेल्या, १४ कॅसेटी आहेत. आजी जाऊन खूप वर्षं झाली. दोन महिने रोज संध्याकाळी बसून टेपरेकॉर्डर वायरने लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटीत सगळ्या उतरवून घेतल्या, एका बाजूची एक अशा २८ वेव्ह फाइल झाल्या, साधारण अर्ध्या तासाची एकेक. मामा आता ८१ वर्षांचे आहेत, जर्मनीला मुलाकडे असतात, त्यांना आईचा आवाज ऐकायचाय. फोन आला की आधी तेच विचारतात, झालं का गं.

मेलवर २५ एमबीच्या वर काही जात नाही, ड्राइव्हची फुकटातली १५ जीबी फोटोंनी भरलेली. मग भाच्याने त्याच्या वेबसाइटच्या होस्टिंगवर एक फोल्डर करून दिला, लॅपटॉपवर फाइलझिला, म्हणजे एफटीपी या पद्धतीने फाइल सर्व्हरवर चढवायचं सॉफ्टवेअर, टाकून दिलं आणि सांगितलं की डावीकडची फाइल उजवीकडे ओढायची, बास. तशा सगळ्या चढवल्या. मामेभाऊ तिकडे मॅकवर ब्राउझरमधून लिंकने उतरवून घेतो.

आता अडचण. २८ पैकी १९ फाइल अगदी छान वाजतायत. उरलेल्या ९ मध्ये सेकंदभर आजीचा आवाज येतो की लगेच जोरात खर्रर्र, मग परत अर्धा सेकंद स्वच्छ, की परत खरखर, शेवटपर्यंत तेच. माझ्याकडे लॅपटॉपवर त्याच फाइल नीट वाजतात! दोन-तीनदा परत चढवून बघितल्या, जसंच्या तसं. फाइलझिला काही एरर दाखवत नाही, ट्रान्सफर सक्सेसफुल म्हणतं.

शिवाय माझ्याकडे एका फाइलची साइज ३०३ एमबी दाखवतं आणि त्याच्याकडे ३१८, वाटेत फाइल वाढते का? आणि आमचं नेट ४० एमबीपीएसचं आहे, मग ३०३ एमबी सात-आठ सेकंदात जायला पाहिजे ना, पाच मिनिटं का लागतात?

लॅपटॉप गच्च भरलाय म्हणून चढवून झालेल्या फाइल डिलीट करायला घेतल्यात, तेवढं जमलं की बरं.

प्रतिसाद

ताई, आधी डिलीट करणं थांबवा, बाकी सगळं नंतर. रिसायकल बिन पण रिकामं करू नका.

आता तीन गोष्टी बघून सांगा. त्या ९ फाइलमध्ये आणि १९ मध्ये काय फरक आहे, नावं पूर्ण बघा, टिंबानंतरचं शेपूट धरून. दुसरं, बिघडलेल्यापैकी एकीची दोन्हीकडची साइज एमबीत नको, बाइटमध्ये सांगा, विंडोजमध्ये राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये मिळेल, मॅकवर गेट इन्फोमध्ये. तिसरं, भाच्याचा सर्व्हर लिनक्सचा आहे का ते विचारा.

मूळ प्रश्न विचारणारी

भाचा म्हणाला लिनक्सच.

आणि फरक सापडला! या ९ फाइलची नावं मी बदलली होती. आधी नुसते आकडे होते, मी 'कॅसेट ४ बाजू अ दळणाच्या ओव्या' असं काय काय लिहिलं, म्हणजे मामांना कळेल कुठल्या कुठे आहेत. तेव्हा विंडोजने विचारलं होतं की एक्सटेन्शन बदललं तर फाइल चालणार नाही, बदलायचं का, मी घाईत येस केलं. त्या ९ जणींना शेवटी डॉट वेव्ह नाहीच आता. पण व्हीएलसीमध्ये ओढली की वाजते म्हणून लक्षात आलं नाही. मामेभावाने तिकडे उतरवल्यावर स्वतः डॉट वेव्ह लावलं होतं म्हणे.

कॅसेट ४ बाजू अ: माझ्याकडे ३१,८२,४४,९०८ बाइट. त्याच्याकडे ३१,८२,४०,३१२. म्हणजे ४,५९६ कमी भरतायत. गेले कुठे?

प्रतिसाद

सापडलं तर मग. तुमच्या फाइल ॲस्की मोडमध्ये गेल्यात, बायनरीत जायला हव्या होत्या.

एफटीपी फार जुनं आहे, इंटरनेटच्या आधी अर्पानेट नावाचं नेटवर्क होतं तेव्हाचं. त्याचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मधला, आणि तो लिहिणारे अभय भूषण आपल्या आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा एमआयटीत होते. त्या काळात प्रत्येक जातीच्या कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत वेगळी, म्हणून एफटीपीला आधी सांगावं लागतं की हा मजकूर आहे की नुसता डेटा. मजकूर (म्हणजे ॲस्की) म्हणालात तर ते वाटेत ओळीचा शेवट समोरच्या मशीनच्या पद्धतीने बदलून देतं. डेटा (म्हणजे बायनरी) म्हणालात तर एका बाइटलाही हात लावत नाही.

ओळीचा शेवट म्हणजे काय, तर टायपिंगच्या क्लासला गेला असाल तर आठवेल, ओळ संपली की दांडी ओढायची, त्यात दोन कामं व्हायची, गाडा परत डाव्या कडेला यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. विंडोज ती दोन्ही कामं अजून वेगवेगळी लिहितं, बाइट १३ आणि त्यापाठोपाठ बाइट १०. लिनक्स नुसता १० लिहितं. म्हणून ॲस्की मोडमध्ये विंडोजवरून लिनक्सवर काही चढवलं की जिथे जिथे १३-१० अशी जोडी दिसेल तिथला १३ काढून टाकला जातो. पत्र असेल तर उत्तमच. पण आवाजाच्या फाइलमध्ये १३ आणि १० हे नुसते आकडे आहेत, आजीच्या आवाजाची उंची कुठल्या क्षणी किती होती त्याचे. तिथला एक बाइट काढला तर फाइल मोडली.

का मोडली तेही बघा. तुमच्या वेव्हमध्ये प्रत्येक नोंद दोन-दोन बाइटची असते. मधला एक बाइट पडला की पुढच्या सगळ्या जोड्या चुकतात, या नोंदीचा दुसरा बाइट पुढच्या नोंदीच्या पहिल्याबरोबर वाचला जातो, तीच तुमची खर्रर्र. पुढे आणखी एक बाइट पडला की जोड्या परत जुळतात आणि आवाज स्वच्छ होतो. ही १३-१० ची जोडी निव्वळ योगायोगाने साधारण ६५ हजार बाइटमध्ये एकदा येते, तुमच्या फाइलला त्या हिशोबाने साधारण ४,८५० बाइट पडायला हवेत, तुमचे ४,५९६ पडलेत. म्हणजे हेच झालंय, मला शंका नाही.

आणि ९ च का, तर फाइलझिला मोड आपोआप ठरवतं, एक्सटेन्शन बघून. वेव्ह दिसलं की बायनरी. पण ज्या फाइलला एक्सटेन्शनच नाही ती मजकूर समजायची असं सेटिंग त्यात आधीपासून चालू असतं.

उपाय: वर ट्रान्सफर मेनूत ट्रान्सफर टाइप आहे, तिथे बायनरी करा. नावांना डॉट वेव्ह परत लावा. सर्व्हरवरच्या ९ फाइल काढून नव्याने चढवा. त्याच्याकडच्या जुन्या प्रतीला नंतर एक्सटेन्शन लावून उपयोग नाही, बाइट वाटेतच पडलेत.

आणखी एक प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर, बाकीच्या दोन प्रश्नांचं मी सांगतो. ३०३ आणि ३१८ मध्ये काही काळजीचं नाही, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून त्याला एमबी म्हणतं आणि मॅक १००० च्या, फाइल तेवढीच असते. स्पीडचं म्हणाल तर एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, एका बाइटचे आठ बिट, म्हणजे ४० ला आठाने भागा, सेकंदाला ५ एमबी. तेही बरेचदा उतरवतानाचं, चढवायचा वेग वेगळा असतो, स्पीड टेस्टमध्ये अपलोड बघा, ८ च्या आसपास असेल तर पाच मिनिटं बरोबर आहेत.

एक विनंती, भाच्याला विचारून एफटीपीऐवजी एसएफटीपीने जोडा, पोर्ट २१ च्या जागी बहुतेक २२. साध्या एफटीपीत पासवर्ड तारेवरून उघडा जातो. शिवाय फाइलझिलात एसएफटीपीला हा ॲस्कीचा प्रकारच नाही, फाइल जशी आहे तशी जाते. पाठवून झाल्यावर दोन्हीकडचे बाइट जुळवून बघा, आणि खात्रीच करायची तर दोन्हीकडे फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटवरून काढलेला आकडे-अक्षरांचा ठसा, काढा, तो अक्षरन् अक्षर जुळला की फाइल तीच.

मूळ प्रश्न विचारणारी

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. पण एक चूक झालीय. तुम्ही थांबा म्हणायच्या आधीच त्या ९ पैकी ३ मी डिलीट केल्या होत्या आणि बिनही रिकामं केलं. दोन कॅसेटी आहेत, परत उतरवून घेईन. पण कॅसेट ७ ची बाजू ब वाजवून झाल्यावर रिवाइंड करताना फीत तुटलीय. त्याच बाजूला मामांचा आवाज आहे सुरुवातीला, "आई, म्हण आता," आणि मग जात्याची घरघर सुरू होते. जर्मनीतली बिघडलेली फाइल दुरुस्त होते का? १३ परत घालता येतील का?

प्रतिसाद

१३ परत घालणं अवघड आहे ताई, कारण फाइलमध्ये आधीपासूनचे एकटे १० पण असतात, कुठल्या १० च्या आधीचा १३ उडाला ते सांगता येत नाही. पण धीर सोडू नका. ऑडॅसिटीत वेव्ह एक्सपोर्ट करण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह केला होता का? त्याची वेगळी फाइल असते, शेवटी एयूपी३ असतं, आणि वेव्ह डिलीट केली तरी ती जात नाही. सगळ्या डिस्कवर शोधा.

आणि फीत तुटली म्हणजे आवाज गेला असं नाही. जपून ठेवा, कॅसेट जोडायची वेगळी पट्टी मिळते, जुन्या टेपरेकॉर्डरच्या कारागिराला विचारा. घरातली साधी चिकटपट्टी मात्र लावू नका, तिचा डिंक पसरतो आणि पुढचे वेढेही चिकटतात.

मूळ प्रश्न विचारणारी

मिळाला!! डी ड्राइव्हवर होता प्रोजेक्ट, ७ ब चा पूर्ण. लगेच एक्सपोर्ट केला, नाव नीट दिलं, डॉट वेव्ह राहिलंय ना ते तीनदा बघितलं. भाच्याने एसएफटीपी सुरू करून दिलं, सव्वापाच मिनिटांत चढली. मामेभावाकडचे बाइट एकेक आकडा वाचून जुळवले, सगळे बरोबर.

त्याने मामांना हेडफोन लावून दिला आणि फोन चालू ठेवला. मामा काही बोलले नाहीत बराच वेळ, मग म्हणाले, जात्याचा खुंटा सैल होता आमच्या, ऐक, दर फेऱ्याला टक् वाजतोय. मी इतक्या वेळा ऐकलं पण तो टक् मला कधी ऐकू आला नव्हता.

९ पैकी ज्या ६ फाइल लॅपटॉपवर शिल्लक होत्या त्या आज दुपारी चढवून झाल्या. राहिलेल्या दोन कॅसेटी आज रात्री परत लावतेय. आणि बाहेरची एक हार्ड डिस्क मागवलीय, ती येईपर्यंत काहीही डिलीट करणार नाही.