मदत हवी आहे: पाँडलेस धबधब्याचा पंप दोन तासांत हवा ओढायला लागतो

नमस्कार मंडळी,

मागच्या अंगणात पाँडलेस धबधबा बांधतोय आम्ही, म्हणजे खाली उघडं तळं नाही, पाणी गोट्यांत मुरतं आणि जमिनीतल्या हौदातून पंप ते परत वर चढवतो तसला. मुलगी दोन वर्षांची आहे त्यामुळे उघडं पाणी नकोच होतं. आणि बाबांची खोली मागच्या बाजूला आहे, त्यांना आता फारसं दिसत नाही पण कान एकदम तिखट आहेत, त्यांना खाटेवरून पाण्याचा आवाज यावा म्हणून हा सगळा घाट घातलाय.

मापं देते. हौद ४ फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट खोल. तळाला जिओटेक्स्टाइल (जाड संरक्षक कापड), त्यावर ईपीडीएम लायनर (पाणी न झिरपणारं रबरी अस्तर), वर परत जिओटेक्स्टाइल, मग धुतलेले दीड-दोन इंची गोटे काठोकाठ भरलेत. एका कोपऱ्यात भोकं पाडलेला ड्रम उभा केलाय, त्यात सबमर्सिबल पंप, पंपावर ताशी ८००० लिटर लिहिलंय. दीड इंची पाइप, साधारण १८ फूट, तीन एल्बो. पाणी साडेचार फूट वर चढतं, तिथून १८ इंच रुंद सपाट दगडावरून पडतं आणि १२ फूट लांब, २ फूट रुंद ओढ्यातून तीन टप्पे घेत हौदात येतं. ओढ्यात पाण्याची खोली सरासरी ३ इंच धरा. मागचा उंचवटा हौदाच्या खणलेल्या मातीचाच केलाय.

होतंय असं की पाणी वरून ४ इंच खाली ठेवून भरलं, पंप चालू केला, तर ड्रममधली पातळी पाच मिनिटांत सव्वा फूट उतरते. नंतर हळूहळू उतरतच राहते आणि दोन तासांत पंप गुरगुरायला लागतो, की मी पळत जाऊन बंद करते. परत चालवायचा तर तीन-चार बादल्या पाणी घालावं लागतं. माझा हिशेब होता ४ x ३ x २.५ म्हणजे ३० घनफूट, म्हणजे ८५० लिटर, आणि एवढं पाणी त्या ओढ्यात मावणारच नाही, मग जातं कुठे? लायनर फाटलाय का? सगळे गोटे परत बाहेर काढायचे या विचारानेच रडू येतंय.

दुसरं म्हणजे पाणी पडत नाही, दगडाच्या पोटाला चिकटून ओघळतं. आवाज जवळजवळ नाहीच. यासाठी मोठा पंप घ्यायला लागेल का?

*

प्रतिसाद

ताई, गोटे काढायची घाई करू नका. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

पहिली हिशेबाची. ८५० लिटर हा रिकाम्या खड्ड्याचा आकडा. गोटे भरले की पाण्याला फक्त फटीतली जागा उरते, ती साधारण ४० टक्के. वरचे ४ इंच तुम्ही कोरडे ठेवलेत (बरोबर केलंत, लहान मूल आहे), खालचे ६ इंच पंपाला ओढता येत नाहीत, म्हणजे कामाचा खड्डा २० घनफूट, ५६६ लिटर, त्याचे ४० टक्के म्हणजे जेमतेम सव्वादोनशे लिटर. ओढ्यात १२ x २ x पाव फूट, ६ घनफूट, १७० लिटर. पाच मिनिटांत सव्वा फूट उतरते ती हीच १७० लिटर, ती कुठे गेलेली नाहीत, ओढ्यात वाहतायत. पंप बंद केलात की बरीचशी परत येतील. नियम असा धरतात की वाहत्या पाण्याच्या निदान दुप्पट, जमलं तर तिप्पट पाणी हौदात हवं.

दुसरी, पुढच्या दोन तासांत जी तीन-चार बादल्या जातात ती मात्र गळती किंवा शिंतोडे. बाष्पीभवन इतकं नसतं. शोधायचं असं: हौद भरा, ड्रमला आतून खूण करा, पंप रात्रभर बंद. सकाळी पातळी खुणेवरच असली तर हौदाचा लायनर शाबूत. मग पाइप वरून सोडवून तोंड परत ड्रममध्ये टाका आणि दोन तास नुसता पंप फिरवा, पाइपची परीक्षा होईल. दोन्हीत पातळी जागची हलली नाही तर चोर ओढ्यात आहे, आणि दहापैकी नऊ वेळा तिथे भोक नसतं, लायनरची कड कुठेतरी खाली बसलेली असते. नवीन भराव धुमसने थराथराने ठोकला नसेल तर पहिल्या पाण्यात बसतोच.

*

प्रतिसाद

आवाजाबद्दल मी सांगतो, कारण माझाही धबधबा सुरुवातीला असाच मुका होता. मोठा पंप अजिबात घेऊ नका. ८००० हा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमचा चढ साडेचार फूट, त्यात पाइप आणि एल्बोचं घर्षण धरून सहा-साडेसहा फूट हेड (म्हणजे पंपाला पडणारी एकूण उंची) पकडा आणि पंपासोबत आलेल्या आलेखात त्या हेडला किती पाणी येतं ते बघा. समजा ५००० आलं. ओठाच्या, म्हणजे पाणी जिथून पडतं त्या दगडाच्या कडेच्या, दर इंचाला ताशी निदान ३८० लिटर लागतं, १८ इंचाला ६८०० च्या पुढे, म्हणून तुमचा पडदा फाटतो. ओठाच्या दोन्ही बाजूंना दगड सरकवून तो १२ इंचांवर आणा, तेवढंच पाणी जाड पडेल. वरचा दगड दोन-तीन इंच पुढे काढा आणि त्याची खालची कड धारदार असू दे, गोल कडेला पाणी चिकटतंच. दगडांच्या मागच्या फटी धबधब्याच्या काळ्या फोमने भरा, नाहीतर निम्मं पाणी दगडांच्या खालून निघून जातं. आणि पडतं कुठे तेही बघा, दगडावर पडलं तर चरचर, चार-पाच इंच पाण्यावर पडलं तर भरीव आवाज. बाबांना रात्री दुसरा जास्त बरा वाटेल असं मला वाटतं. पुढेमागे पाइप बदलला तर २ इंची टाका, घर्षण बरंच कमी होतं.

एक विचारायचं राहिलं, पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद होणारा स्विच) आणि अर्थिंग आहे ना? आणि ड्रमच्या झाकणाला स्क्रू मारा, मुलगी लहान आहे.

*

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे. आरसीसीबी आहे, झाकणाला आजच चार स्क्रू मारले.

रात्रभर बंद ठेवला, पातळी खुणेवरच. पाइपही ठीक. मग पंप चालू करून मी ओढ्याच्या कडेकडेने हात फिरवत गेले तर दुसऱ्या टप्प्याच्या डाव्या बाजूची माती ओली चिंब, दगड उचलला तर लायनरची कड बोटभर खाली बसलेली आणि पाणी तिथून गुपचूप मागे जात होतं. लायनर उचलून मागे माती ठोकून भरली, लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्ही कडा एका पातळीत आहेत का ते तपासलं. आता दोन तासांत फार तर अर्धी बादली कमी होते, ती शिंतोड्यांची असावी.

ओठ १२ इंचांवर आणला, फोम भरला, वरचा दगड पुढे घेतला. बाबांनी आतून हाक मारून विचारलं, नळ चालू राहिलाय का म्हणून. मी पंप बंद केला तर म्हणाले, आता का बंद केलास.

हौद लहानच आहे हे पटलं. खणायला जागा नाही, शेजारी झाडाची मुळं आहेत. गोट्यांऐवजी खाली ते जाळीचे प्लॅस्टिक ब्लॉक टाकले तर पुरेल का? आणि टप्प्यांच्या पायथ्याशी साचतं त्यात डास होतील का?

*

प्रतिसाद

पुरेल. ब्लॉकमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी मावतं, त्याच खड्ड्यात कामाचं पाणी पाचशेच्या घरात जाईल, १७० च्या जवळजवळ तिप्पट. ब्लॉक जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळा म्हणजे वाळू आत शिरत नाही, आणि वर ४-५ इंच गोटे ठेवाच. निघालेले गोटे टाकू नका, ओढ्याच्या कडेला लागतील.

डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, रोज पंप चालत असेल तर पाणी हलतं राहतं. गावाला जाणार असाल तर तेवढे खळगे उपसून जा. आणि लायनरची कड सगळीकडून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच वर ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात अंगणातला गाळ थेट हौदात.