आईच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘आर’ची रांग, आमच्या ब्रॉयलर शेडशी संबंध असेल का?

नमस्कार मंडळी,

सिन्नरजवळ आमचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीच्या करारावर. आईला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीची जळजळ सुरू झालीय. आधी दोनदा सिप्रोच्या गोळ्यांनी भागलं. या वेळी डॉक्टरांनी कल्चर (लघवीतला जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) करायला लावलं. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे (म्हणजे सिप्रो) आर, म्हणजे औषध चालत नाही, सेफिक्सिमपुढे आर, पार खाली नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनपुढे तेवढा एस, म्हणजे चालतं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पिल्लं उतरली की पहिले चार दिवस पाण्यातून एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, आजार असो नसो. हे एन्रो कोंबडीच्या अंगात गेलं की त्यातलं काही सिप्रोच होतं म्हणे! आणि ड्रिंकर (पक्ष्यांची पाण्याची भांडी) घासते कोण, तर आई. उघड्या हातांनी. तूस उलटायलाही तीच.

सुपरवायझरला विचारलं तर, “दादा, औषध सोडलं आणि मर वाढली तर बिलातून तुमचंच कापलं जाणार.”

आईला हे शेडातूनच लागलं का? तपासायचं कुठे? आणि माळ्यावर कोलिस्टिन या अँटिबायोटिकची जुनी पुडी सापडलीय, तिचं काय करू?

प्रतिसाद (पशुवैद्य आहे):
दादा, नुसत्या कल्चरवरून ते सांगता येत नाही. त्यासाठी आईंचा जंतू आणि शेडातला जंतू यांची जनुकं जुळवून पाहावी लागतात. दोनदा घेतलेलं सिप्रोही कारण असू शकतं. त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका, पण आईंना शेडातून बाहेर काढा. निदान हातमोजे, वेगळ्या चपला आणि चुलीकडे जाण्याआधी साबण.

पक्षी आजारी पडले तर ताजा मेलेला पक्षी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात न्या, जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते बघूनच औषध द्या. निरोगी पिल्लांना एन्रो कशाला? चुना, क्लोरीनचं पाणी, दोन बॅचमध्ये पुरेसा खंड, यानेच निम्मं काम होतं.

कोलिस्टिन 2019 पासून आपल्याकडे कोंबड्यांसाठी बंद आहे. चीनमध्ये 2015 साली जंतूंना त्याच्यापुढे टिकवणारं एमसीआर-1 जनुक डुकरं, कोंबडीचं मांस आणि माणसं, तिन्हींत सापडलं. ते एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतं. पुडी गटारात किंवा उकिरड्यावर टाकू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

धागाकर्ता:
आभारी आहे डॉक्टर. हातमोजे आणले. आई म्हणते, “यात ड्रिंकर हातातून निसटतो.” घालायला कसं लावू, तेही सांगा कुणीतरी.